दात गेल्यावरची भूक

लग्न होऊन मी बाभुळगावाकडून दिग्रसच्या बाजूला या गावात आले, तेव्हा आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि घरातले पुरुष जेवताना त्यावरच बोलत. मला त्यातलं काही कळत नसे. मी पदर कपाळापर्यंत ओढून वाढत असायची. ओसरीवर चार पाट मांडलेले असत. सासरे, धाकटे सासरे, माझे यजमान, आणि भिंतीला टेकून सगळ्यांत पहिला पाट आबाजींचा. आबाजी म्हणजे माझे आजेसासरे. त्यांचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांना दोन मुलं होती, एवढंच घरात सांगत.

त्या पहिल्या हिवाळ्यातलं मला जे आठवतं ते सगळं पांढरं आहे. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. त्याचे तंतू घरभर उडत, दाराच्या उन्हात तरंगत, आमच्या केसांत, कालवणात, कुठेही जाऊन बसत. सकाळी नाल्यावरून धुकं वर येई आणि अंगणापर्यंत पोचे. त्या धुक्यात बाजेवर आबाजी बसलेले, डोक्याला पांढरा पटका, पांढऱ्या मिशा, पांढरी बंडी. कधी कधी मला वाटे, मी बघत राहिले तर ते धुक्याबरोबरच हळूहळू विरून जातील. मी एकोणीस वर्षांची होते. नव्या घरात माणूस अर्धं झोपेत असल्यासारखंच वावरतं.

आबाजींच्या ताटात एक भाकर, वरण, जवसाची चटणी आणि असेल ती भाजी पडे. ताट परत येई ते लख्ख. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या ताट पाहून म्हणत, "बुढा जेवते चांगला. त्यायची काळजी नाही."

पण आबाजी बारीक होत चालले होते. दुपारी ते वाकळ पांघरून उन्हात निजत, तेव्हा वाकळीखाली कोणी आहे असं वाटतच नसे. मनगटातलं चांदीचं कडं हात वर केला की घरंगळत कोपरापर्यंत जाई. घरात कोणी त्यावर बोलत नसे. इतक्या वयाचा माणूस वाळणारच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

एकदा मी नाल्यावर धुणं घेऊन गेले होते. आबाजींची बंडी पाण्यात बुडवली तर आतला खिसा जड लागला. हात घातला. भाकरीचे छोटे छोटे गोळे होते. काही वाळून खडे झालेले, काही अजून ओलसर. चावून चावून त्यातला रस घेतलेला, पण गिळता न आलेले घास. माणूस भरल्या ओसरीत बसून, मुला-नातवांच्या देखत, तोंड हलवत राहतो आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून घास तोंडातून काढून खिशात ठेवतो. रोज, दोन्ही वेळा. मी तिथेच दगडावर बसून राहिले. मला लाज वाटत होती, जणू मी त्यांना उघडं पाहिलं होतं. मग मी ते गोळे एकेक करून पाण्यात सोडले. लहान लहान मासे जमा झाले. पाणी थंड होतं आणि मासे पारदर्शक होते. त्यांच्या पोटात भाकरीचा कण दिसेल इतके पारदर्शक, असं मला आता आठवतं. खरंच तसे असतील की नाही, देव जाणे.

घरी मी कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आबाजींची भाकर वरणात कुस्करूनच ताटात वाढली. त्यांनी बोटानं ताट पुढे सरकवलं.

"सूनबाई, मी काय बाळंतपणातून उठलो का?"

रांगेतले पुरुष हसले. आबाजीही हसले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी ताट बदललं. त्या दिवशीही ते लख्ख परत आलं.

थोड्या दिवसांनी त्यांना उभं राहताना चक्कर आली. माझ्या यजमानांनी छकडा जुंपला आणि त्यांना दिग्रसला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि सांगितलं, रोग काही नाही, पोटात अन्न नाही. पातळ द्या, मऊ द्या, थोडं थोडं अन् घडीघडी द्या. यजमानांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं. धाकटे सासरे म्हणाले, "जेवते तं बराबर. पोटात अन्न नाही म्हणजे काय?" आत्याबाईंनी पेलाभर दूध तापवून दिलं. आबाजी म्हणाले, दुधानं पोट गुरगुरते, अन् पेला तसाच ठेवून दिला. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. जे मला ठाऊक होतं ते सांगितलं असतं तर आबाजींना पुन्हा त्या ओसरीवर बसता आलं नसतं.

नाल्याच्या पलीकडे तांडा होता. तिथली माणसं पूर्वी बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरत. आता त्यांची शेतं आमच्या शेतांना लागून होती. कापूस वेचायच्या दिवसांत तांड्यातल्या सुना आमच्याकडे वेचणीला येत आणि येताना आपल्या म्हाताऱ्या सासूला आमच्या मागच्या अंगणात उन्हाला बसवून जात. तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिच्या घागऱ्यावरचे आरसे बहुतेक गळून गेले होते, त्यांच्या जागी नुसती गोल शिवण उरली होती. दंडावर पिवळट पडलेल्या हस्तिदंती बांगड्या होत्या. तीही आबाजींच्याच वयाची असावी. पण ती टुणटुणीत होती. दिवसभर बोलायची, आणि ऐकायला कोणी नसलं तरी बोलायची.

वेचणी ऐन भरात आली तेव्हा घरात दुपारी मी आणि आबाजीच राहू लागलो. मला तेव्हा दिवस गेले होते, म्हणून आत्याबाईंनी माझं शेतात जाणं बंद केलं होतं. एका दुपारी मी याडीपाशी जाऊन बसले.

"याडी, तुले दात किती हायेत?"

तिनं तोंड उघडून दाखवलं. "दोन. एक इकडे, एक तिकडे. त्यायची भेट नाही होत."

"मंग खाते काय तू?"

"राबडी."

मला वाटलं दुधाची. ती हसली. तिची राबडी म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी मंद चुलीवर घोटत शिजवायचं, वरून मीठ आणि भाजलेलं जिरं. ती म्हणाली, म्हाताऱ्याच्या जिभेला गोड लवकर कळत नाही, आंबट कळते. आंबट लागलं की तोंडाला पाणी सुटते, पाणी सुटलं की घास सरकते. आणि मग, मी काही न विचारता, नाल्याकडे बघत म्हणाली, "तुमचा बुढा उपाशी हाये, छोरी."

"तुले कोणं सांगतलं?"

"मले कोण सांगन? त्याच्या गालाकडे पाह्य."

मी त्या संध्याकाळी पीठ ताकात भिजवून चुलीमागे ठेवलं. दुसऱ्या दुपारी दोन वाट्या भरल्या. तांड्यातल्या बाईच्या हातचं आमच्या घरात कोणी खात नसे, पण चूल आमची, पीठ आमचं, हात माझा. तेवढी पळवाट मी मनात काढून ठेवली होती. एक वाटी याडीला दिली. दुसरी आबाजींच्या बाजेच्या पायथ्याशी ठेवली आणि काही न बोलता लांब जाऊन तांदूळ निवडत बसले.

याडी फुरके मारत प्यायला लागली. अंगणात तोच एक आवाज होता. शेवग्याची बारीक पानं तिच्या डोक्यावर पडत होती. आबाजी डोळे मिटून पडले होते, पण निजलेले नव्हते.

"काय पेते वं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"राबडी. तुले नाही झेपायची. लई आंबट हाये."

"मले कायले नाही झेपणार?"

ते उठून बसले. वाटी दोन्ही हातांनी धरली. पहिला घोट त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला. मी मान वर केली नाही. सुपातल्या तांदळात मला काही दिसत नव्हतं तरी मी खडे शोधत राहिले. वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा मी वळून पाहिलं. मिशीला पांढरा फेस लागला होता आणि ते याडीकडे रागानं बघत होते, पैज जिंकलेल्या माणसासारखे.

त्यानंतर रोज दुपारी हे चाललं. याडी भिंतीच्या या कडेला, आबाजी त्या कडेला, मध्ये मी. मी डॉक्टरांचं घडीघडी लक्षात ठेवलं होतं. उन्हं शेवग्यावर आली की राबडी. सावली विहिरीच्या काठाला लागली की तुरीच्या दाण्यांची पातळ आमटी, पाट्यावर अगदी गंधासारखी वाटलेली. कधी भोपळा शिजवून घोटलेला, कधी तिळाचा कूट गुळाच्या पाण्यात. त्या दोघांना भूक लागायची ती बोलण्यातून. दोघं खाण्याबद्दल बोलत, आणि ते बोलणं असं चाले की मला मध्येच डुलकी लागे आणि जाग आली तरी ते तिथेच असत, कुठल्यातरी जंगलात, कुठल्यातरी जेवणावर.

आबाजी सांगत, दुष्काळात मोहाची फुलं उकडून खाल्ली होती. सुरुवातीला गोड लागली, मग आठ दिवसांनी गोड नकोसं झालं. याडी सांगे, ती लहान असताना बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी असत आणि पोरं चालता चालता गोणीला जीभ लावून घेत. रात्री जिथे मुक्काम पडे तिथली पानं शिजवत. कोणत्या गावच्या पाण्यात डाळ लवकर शिजते हे तिला पाठ होतं. ढाणकीच्या बाजूचं एक पाणी, पैनगंगेच्या काठचं एक पाणी. मला वाटे, ही म्हातारी माणसं जेवत नाहीयेत, साऱ्या जन्माची जेवणं पुन्हा एकदा चाखून बघताहेत. उन्हात कापसाचे तंतू तरंगत. माझ्या पोटात लेकरू फिरे. याडी बोलता बोलता झोपून जाई आणि आबाजी तिची उरलेली गोष्ट स्वतःच पुरी करत, चुकीची.

माघात एका दुपारी सासरे मध्येच घरी आले. शेतात विळा तुटला होता, दुसरा न्यायला आले होते. ते मागच्या दारातून अंगणात आले आणि थांबले. समोर त्यांचा बाप भिंतीला टेकून बसलेला, हनुवटीवर राबडी, मांडीवर फडकं, शेजारी तांड्यातली म्हातारी. आबाजींच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चोरी पकडली गेल्यासारखा नाही, त्याहून वाईट. लहान झाल्यासारखा.

मी उभी राहिले. पदर पुढे ओढला. याडीनं आपली वाटी खाली ठेवली.

मग सासऱ्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, येऊन बापाशेजारी मातीत बसले आणि मला म्हणाले, "सूनबाई, मलेही दे थोडी. सकाळपासून पोटात काही नाही."

ते खरं नव्हतं. सकाळी मीच त्यांना दीड भाकर वाढली होती. मी गंजातली उरलेली राबडी त्यांना आणून दिली. त्यांनी ती प्यायली, तोंड वाकडं केलं, आबाजींना विचारलं, "रोज पेता तुम्ही हे?"

"रोज," आबाजी म्हणाले.

"आंबट हाये."

"तुले नाही झेपायची," आबाजी म्हणाले, आणि याडी इतकी हसली की तिला खोकला आला.

सासरे विळा घेऊन शेतात गेले. त्यांनी आत्याबाईंना काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी आत्याबाई चुलीपाशी आल्या, माझ्या हातातली पिठाची परात घेतली आणि बाजूला ठेवली. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "जात्यावर ज्वारी जाडी भरड. आज कण्या."

"आबाजीसाठी?"

"साऱ्याइले."

त्या रात्रीपासून आमच्या घरात संध्याकाळचं जेवण म्हणजे ज्वारीच्या कण्या. भरपूर पाण्यात रटरट शिजवलेल्या, वर तुरीचं पातळ वरण, लसणाची फोडणी, कधी ताक. ओसरीवर चारही पाटांवर तेच. धाकटे सासरे कुरकुरले. दिवसभर राबून आलेल्या माणसाला हे पुरत नाही, रात्री पोट रिकामं होतं, असं त्यांचं म्हणणं. आत्याबाई त्यांना आत बोलावून मागून एक भाकर देत. पण रांगेत सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ. आबाजींनी पहिल्या दिवशी ताटाकडे पाहिलं, मग डावीकडे, मग रांगेच्या टोकापर्यंत. आणि जेवायला लागले. मी वाढायला वाकले तेव्हा त्यांनी हात आडवा केला नाही. दुसऱ्यांदा घेतलं. तेव्हापासून धुण्यात त्यांची बंडी हलकी लागू लागली.

आत्याबाई आणि मी या विषयावर पुढे जन्मभर बोललो नाही. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या.

चैत्रात मला मुलगी झाली. तिच्या उष्टावणाला भात-वरण घोटून केलं होतं, आणि तेच आबाजींनाही दिलं. मग ती सवयच पडली. एका गंजात दोघांचं शिजे. दोघंही दात नसलेली. ती पहिल्या घासाला थुंकून टाकायची, मग तेही उगाच थुंकल्यासारखं करायचे, की ती हसायची आणि तोंड उघडायची. आबाजी धडधाकट झाले असं मी म्हणणार नाही. त्या वयात कोणी धडधाकट होत नाही. पण चक्कर थांबली, गाल थोडे भरले, आणि ते काठी घेऊन नाल्यापर्यंत जाऊन येऊ लागले.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी वेचणी सुरू झाली, तांड्यातल्या सुना आल्या, पण याडी आली नाही. पडून आहे म्हणाल्या. आबाजींनी दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जाय. पाहून ये. काही तरी घेऊन जाय तिच्यासाठी."

मी मुलीला कडेवर घेतलं, लोट्यात राबडी घेतली आणि नाला ओलांडून गेले. तांड्यावर दुपारची शांतता होती. याडी झोपडीच्या दारात गोधडीवर होती. मला पाहून तिनं ओळखलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं राबडी तोंडाला लावली. तिनं ओठ ओले केले, गिळली नाही. तिची सून म्हणाली, चार दिवस झाले, पाणीच घेते फक्त.

"भूक नाही का याडी?"

"झाली," ती म्हणाली. "पोटभर झाली." आणि माझ्या मुलीचा पाय हातात धरून पडून राहिली. मी बराच वेळ बसले. जबरदस्तीनं भरवावं का, मला कळत नव्हतं. दोन वर्षं मी हेच शिकले होते की म्हातारं माणूस जेवत नाही म्हणतं तेव्हा त्याला भूक असते. आणि इथे ही बाई म्हणत होती झाली, आणि तिचा चेहरा खरंच जेवून उठल्यासारखा होता. मी लोटा तिच्या सुनेजवळ ठेवला आणि निघाले. आठवडाभरानं ती गेली.

याडी गेल्याचं मी आबाजींना सांगितलं तेव्हा ते नुसतं हं म्हणाले. त्या दुपारी त्यांनी वाटीला हात लावला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. तिसऱ्या दुपारी मी वाटी ठेवून वळले तर ते म्हणाले, "बस."

मी थांबले.

"बस इथं. तुही वाटी घेऊन ये."

आजेसासऱ्यासमोर सुनेनं बसून खायचं, हे आमच्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. पुरुषांची जेवणं झाल्यावर आम्ही बायका चुलीपाशी, पाठ करून जेवत असू. मी म्हणाले, "आबाजी, मी मंग जेवतो."

"मंग कायले? मले एकट्याले नाही उतरत." त्यांचा आवाज चिडका होता, पण डोळे चिडके नव्हते. "मी भिताडाकडे तोंड करतो. तू खाय."

ते खरंच भिंतीकडे तोंड करून बसले. मी आत जाऊन वाटी आणली. याडीच्या जागेवर नाही, थोडी अलीकडे बसले. पदराआड एक घोट घेतला. घशातून जाताना एवढा मोठा आवाज झाला की मला वाटलं साऱ्या गावानं ऐकलं. भिंतीकडे तोंड असलेल्या आबाजींनी तो ऐकला आणि आपली वाटी उचलली.

पुढे महिन्याभरात त्यांचं तोंड भिंतीकडून हळूहळू माझ्याकडे वळलं. कोणत्या दिवशी वळलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी पदराआडून खायचं सोडून दिलं. आत्याबाईंनी एकदा मागच्या दारातून आम्हाला पाहिलं आणि आत निघून गेल्या. मग त्यांनीही एकदोनदा तिथे बसून शेंगा फोडायचं काम काढलं, आणि शेंगा फोडता फोडता दाणे तोंडात टाकले. त्या काळाला मी काही नाव देऊ शकत नाही. आमच्या अंगणात तेव्हा काय घडत होतं ते आम्हालाही कळत नव्हतं. ऊन असायचं, शेवग्याची पानं पडायची, मुलगी आबाजींच्या मांडीवर चढून त्यांच्या वाटीत बोट घालायची. आबाजी याडीच्या गोष्टी तिला सांगायचे, मिठाच्या गोणीला जीभ लावणाऱ्या पोरांच्या. चुकीच्याच सांगत असतील.

आबाजी गेले ते त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, सकाळी. धुकं होतं. त्यांनी उठून चूळ भरली, चुलीजवळ येऊन बसले आणि विचारलं, आज काय करतेस. मी म्हणाले, वांग्याचं भरीत, बिया काढून. ते म्हणाले, हिरव्या लसणीची पात टाकजो. मग ऊन आलं की सांग म्हणून बाजेवर जाऊन पडले. ऊन आलं तेव्हा मी सांगायला गेले.

त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर आणलं. आत्याबाईंनी सगळ्यांना वाढलं, मग माझ्या शेजारी बसून स्वतःही दोन घास घेतले.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची व्हायची होती. तिला दात आले होते, भाकर खाता येत होती. पण दुपारी ती वाटी घेऊन मागच्या अंगणात जायची, रिकाम्या बाजेशेजारी उभी राहायची आणि मी उचलून आत आणलं तर रडायची. दहाबारा दिवस तिनं तिथेच उभं राहून खाल्लं. मी तिच्यासमोर मातीत बसून खायची. मग एका दुपारी शेजारची पोरं खेळायला आली आणि ती वाटी विहिरीच्या काठावर ठेवून त्यांच्यामागे पळाली.

आता ती यवतमाळला असते, तिला नातवंडं आहेत. मी तिला आबाजींचं काही आठवतं का म्हणून विचारते. ती आठवण्याचा प्रयत्न करते. कोणीतरी मिशीवाला होता, म्हणते, आणि काहीतरी आंबट. मग म्हणते, की हे मला तूच सांगितलेलं असेल, आई.